पिशोर ते नागसेनवन : कला शाखेची पदवी, तिचे विषय आणि प्रवेशाचे कागद

बारावीचा निकाल लागला की पिशोर, नाचनवेल, करंजखेड, चिंचोली लिंबाजी या पट्ट्यातल्या बौद्ध वस्त्यांमध्ये दरवर्षी एकच प्रश्न ऐकू येतो. "आता पुढे काय?" ज्याला विज्ञानात बरे गुण आहेत तो नर्सिंग, फार्मसी किंवा इंजिनिअरिंगकडे बघतो. उरलेल्यांना कोणीतरी सांगते, "बी.ए.ला नाव टाकून ठेव, सोबत भरतीची तयारी कर." नाव टाकून ठेवणे हा शब्दप्रयोगच सगळे सांगून जातो. महाविद्यालय हे शिकण्याचे ठिकाण नसून नाव ठेवण्याची खुंटी झाली आहे.

हा लेख त्या मुलामुलींसाठी आणि त्यांना सल्ला देणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी आहे. कला शाखेची पदवी आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. विषयांची रचना बदलली, वर्षे बदलली, मध्येच बाहेर पडण्याच्या वाटा आल्या. शिष्यवृत्तीचा पैसा येण्याची पद्धतही बदलली. विहारात बसून सल्ला देणाऱ्या आपल्यापैकी अनेकांची बी.ए. जुन्या पद्धतीची असल्याने आपण मुलांना जुनीच माहिती देतो, आणि त्याची किंमत त्यांना मोजावी लागते.

नागसेनवन कशासाठी उभे राहिले

पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ८ जुलै १९४५ रोजी केली. पुढच्याच वर्षी, २० जून १९४६ला मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. त्यानंतर त्यांनी मराठवाडा निवडला. त्या काळी मराठवाडा हैदराबाद संस्थानातून नुकताच मोकळा झाला होता. उच्च शिक्षण उस्मानिया विद्यापीठाच्या छत्राखाली होते, आणि आपल्या समाजातल्या मुलाने पदवीपर्यंत जाणे ही जवळपास अशक्य गोष्ट होती. १९५०च्या जूनमध्ये औरंगाबादेत महाविद्यालय सुरू झाले आणि १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. मराठवाडा विद्यापीठाची स्थापना २३ ऑगस्ट १९५८ची. म्हणजे विद्यापीठाच्या आठ वर्षे आधी येथे महाविद्यालय होते.

नाव मिलिंद आणि परिसराचे नाव नागसेनवन. ग्रीक राजा मिलिंद प्रश्न विचारतो आणि भिक्खू नागसेन उत्तरे देतात. प्रश्न विचारणाऱ्याचे नाव महाविद्यालयाला आणि उत्तर देणाऱ्याचे नाव भोवतालच्या वनाला, हा योग जुळून आलेला नाही, तो ठरवून केलेला आहे. राजा शंका घेतो म्हणून भिक्खू त्याला हाकलून देत नाहीत, रथाची उपमा देऊन समजावतात. वर्गात बोलायला घाबरणाऱ्या आपल्या मुलांना हे सांगायला हवे की त्यांच्या महाविद्यालयाचे नावच मुळी प्रश्नकर्त्याचे आहे.

पुढे कला आणि विज्ञान अशी दोन महाविद्यालये वेगळी झाली. परिसरात वाणिज्य, विधी, शारीरिक शिक्षण यांच्या संस्था आल्या. तरी मराठवाड्याच्या इतिहासावर सर्वांत खोल ठसा उमटवला तो कला शाखेनेच. 'युगयात्रा' हे नाटक म. भि. चिटणीसांनी लिहिले आणि ते बाबासाहेबांच्या उपस्थितीत सादर झाले. डॉ. गंगाधर पानतावणे येथे मराठी शिकवत होते आणि त्यांनी चालवलेल्या 'अस्मितादर्श'ने दलित साहित्याच्या दोन पिढ्या घडवल्या. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झालेले डॉ. सुखदेव थोरात यांनी बी.ए. केले ते मिलिंद कला महाविद्यालयातून. म्हणजे देशातल्या सर्व विद्यापीठांचा कारभार बघणाऱ्या आयोगाच्या खुर्चीपर्यंतची वाट कला शाखेतूनच गेली.

नामांतराची चळवळही याच मातीतली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला, त्यानंतर मराठवाड्यातल्या गावोगावच्या वस्त्या जळाल्या, आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. साडेपंधरा वर्षे. दर १४ जानेवारीला आपण विद्यापीठाच्या गेटवर जातो, अभिवादन करतो. ज्या दारासाठी एवढे लोक मेले त्या दारातून आत जाऊन आपण नेमके काय शिकतो, ही चर्चा मात्र त्या दिवशी फार कमी होते.

'लिबरल आर्ट्स' हे काय आहे?

पुण्या-मुंबईच्या खासगी विद्यापीठांच्या जाहिरातींत हा शब्द हल्ली सारखा दिसतो. वर्षाला लाखांत फी, इंग्रजी माध्यम, चकचकीत कॅम्पस. त्यामुळे आपल्याकडे समज असा झाला की लिबरल आर्ट्स ही श्रीमंतांच्या पोरांची चैन आहे आणि बी.ए. ही गरिबाची नाइलाजाची पदवी. दोन्ही मुळात एकाच जातीच्या गोष्टी आहेत. एकाच विषयाच्या खोड्यात न अडकता इतिहास, अर्थशास्त्र, भाषा, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र यांतून विचार करायला शिकणे आणि त्याच्या जोडीला गणित किंवा विज्ञानाचीही ओळख करून घेणे, एवढाच त्याचा अर्थ.

बाबासाहेब स्वतः याच शिक्षणातून गेले. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन ते बी.ए. झाले. १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेल्यावर त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची नोंद उपलब्ध आहे : अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३. मे १९१६मध्ये जातीच्या उत्पत्तीवरचा निबंध त्यांनी वाचला तो मानववंशशास्त्राच्या वर्गात. अर्थशास्त्राचा विद्यार्थी दुसऱ्या विषयाच्या वर्गात जाऊन बसतो आणि तिथे त्याला जातीची गाठ उकलण्याचे हत्यार सापडते. कला शाखेची याहून मोठी जाहिरात मला माहीत नाही.

त्याहून मागे जायचे तर नालंदा आहेच. तिथे शब्दविद्या, हेतुविद्या, चिकित्साविद्या, शिल्पविद्या आणि अध्यात्मविद्या अशा पाच विद्या शिकवल्या जात. व्याकरणाबरोबर तर्क आणि तर्काबरोबर वैद्यक.

आता थोडे आकडे. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या २०२१-२२च्या अहवालानुसार देशात उच्च शिक्षण घेणारे विद्यार्थी सुमारे ४ कोटी ३३ लाख आहेत. त्यांपैकी अनुसूचित जातींचे ६६ लाख २३ हजार. १८ ते २३ वयोगटाच्या लोकसंख्येशी प्रवेशांचे प्रमाण एकूण २८.४ टक्के, तर अनुसूचित जातींमध्ये २५.९ टक्के. पदवी पातळीवर सर्वाधिक, म्हणजे ३४.२ टक्के विद्यार्थी कला शाखेत आहेत. विज्ञान १४.८, वाणिज्य १३.३, अभियांत्रिकी ११.८. तेव्हा कला शाखा ही मागे पडलेल्या मूठभरांची जागा नाही. देशातला प्रत्येक तिसरा पदवी विद्यार्थी तिथे आहे. प्रश्न एवढाच की तो वर्गात आहे की फक्त हजेरीपटावर.

नवी रचना : श्रेयांक, मेजर, मायनर

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० महाराष्ट्रात आधी विद्यापीठांचे विभाग आणि स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५पासून लागू झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव या चार जिल्ह्यांतली महाविद्यालये संलग्न आहेत. कन्नडचे महाविद्यालय असो की नागसेनवनातले, बी.ए.चा साचा एकच.

सगळे मोजमाप आता श्रेयांकांत, म्हणजे क्रेडिटमध्ये होते. तासिकेच्या विषयाला १५ तास म्हणजे एक श्रेयांक, प्रात्यक्षिकाला ३० तास. एका सत्रात २० ते २२ श्रेयांक घ्यायचे. तीन वर्षांत १२० ते १३२ झाले की पदवी, चार वर्षांत १६० ते १७६ झाले की ऑनर्स पदवी. मिळालेले श्रेयांक शैक्षणिक श्रेयांक बँकेत विद्यार्थ्याच्या नावावर जमा होतात. त्यासाठीचे खाते प्रवेशाच्या वेळीच उघडावे लागते. आधारवरचे आणि गुणपत्रकावरचे नाव सारखे नसेल तर इथेच पहिली अडचण येते. आपल्याकडे आधारवर 'बाबुराव' आणि शाळेत 'बाबाराव' हे नेहमीचे आहे. बारावीची परीक्षा झाल्याबरोबर, निकालाची वाट न बघता, हे दुरुस्त करून घ्या.

मुख्य विषयाला मेजर म्हणतात, दुय्यम विषयाला मायनर. मेजर कोणता होणार हे पहिल्या वर्षीच्या विषयनिवडीवर ठरते, म्हणून प्रवेशाच्या खिडकीवर घाईत लिहिलेला विषय चार वर्षे सोबत राहतो. मित्राने राज्यशास्त्र घेतले म्हणून राज्यशास्त्र, असे करू नये. ज्या विषयात पुढे एम.ए. करायचे, सेट-नेट द्यायची, शिक्षक व्हायचे किंवा स्पर्धा परीक्षेला वैकल्पिक म्हणून घ्यायचा, तो मेजर असावा. आणि त्या महाविद्यालयात त्या विषयाला पूर्णवेळ प्राध्यापक आहे का, हे आधी विचारावे. अनेक ठिकाणी एकेका विषयाचा सगळा भार तासिका तत्त्वावरच्या एकाच शिक्षकावर असतो. तो बिचारा दिवाळीनंतर नेमला जातो आणि तोवर पहिले सत्र संपत आलेले असते.

खुला वैकल्पिक विषय, म्हणजे ओपन इलेक्टिव्ह, हा आपल्या विद्याशाखेबाहेरचा घ्यायचा असतो. इतिहास मेजर असलेल्या मुलीला वाणिज्यातला हिशेब किंवा विज्ञानातला एखादा विषय शिकता येतो. नव्या रचनेतली मला सर्वांत आवडलेली तरतूद हीच. मात्र ज्या महाविद्यालयात फक्त कला शाखा आहे तिथे हे बहुधा कागदावरच राहते. तिन्ही शाखा शेजारी-शेजारी असलेल्या नागसेनवनासारख्या परिसरात हे खरोखर शक्य आहे. विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी ते मागून घ्यायला हवे.

याशिवाय भाषा, मूल्यशिक्षण, कौशल्याचे विषय, राष्ट्रीय सेवा योजना किंवा खेळ यांसारखे सहअभ्यासक्रम, क्षेत्र प्रकल्प, समाजसहभाग प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण यांनाही श्रेयांक आहेत. आणि भारतीय ज्ञान परंपरा नावाचा एक घटक आहे. इथे कार्यकर्त्यांनी डोळे उघडे ठेवावेत. भारतीय ज्ञान परंपरा म्हणजे फक्त वैदिक परंपरा नव्हे. धर्मकीर्ती, दिङ्नाग, नागार्जुन, तिपिटक, नालंदा, विक्रमशिला हीही भारतीय ज्ञान परंपराच आहे. आपल्या महाविद्यालयात या घटकाखाली काय शिकवतात, त्याचा अभ्यासक्रम मागवून वाचा. न वाचता मोर्चा काढू नका, आणि वाचल्यावर गप्पही बसू नका. अभ्यास मंडळांकडे लेखी सूचना पाठवता येतात.

क्षेत्र प्रकल्पासाठी कन्नड तालुक्यातल्या विद्यार्थ्याला लांब जायची गरज नाही. पितळखोऱ्याची लेणी तालुक्यातच आहेत, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची. तिथल्या ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत : प्रतिष्ठानचा, म्हणजे आजच्या पैठणचा, सुगंधी द्रव्यांचा व्यापारी मितदेव. राजवैद्य मगिल. आणि तिथे सापडलेल्या यक्षमूर्तीवर ती घडवणाऱ्या कण्हदास नावाच्या सोनाराचे नाव कोरलेले आहे. लेण्यांचा खर्च फक्त राजाने केला असे नव्हे, तर कारागीर, व्यापारी, वैद्य यांनीही केला, हा धडा पिशोरच्या मुलाने आपल्या डोळ्यांनी बघून लिहावा, त्याचे श्रेयांक मिळवावेत. आज आपण तिथे सहलीला जातो, फोटो काढतो आणि परत येतो.

मध्येच बाहेर पडण्याची सोय, आणि तिचा धोका

पहिल्या वर्षानंतर थांबल्यास प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी आणि चौथ्यानंतर ऑनर्स. पहिल्या दोन टप्प्यांवर बाहेर पडताना चार जादा श्रेयांकांचे कौशल्याचे काम पूर्ण करावे लागते. तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करायची असते.

कागदावर हे उदार वाटते. ज्या मुलीचे लग्न ठरते, ज्या मुलाला ऊसतोडीच्या हंगामात आई-बापासोबत जावे लागते, त्याचे वर्ष वाया जात नाही. पण याची दुसरी बाजू बघा. पूर्वी कोणी एका वर्षानंतर शिक्षण सोडले तर त्याला गळती म्हणत आणि शासनाला उत्तर द्यावे लागे. आता तोच मुलगा प्रमाणपत्रधारक म्हणून मोजला जाईल. एका वर्षाच्या बी.ए. प्रमाणपत्रावर कोणती नोकरी मिळते? राज्यसेवा, केंद्रीय लोकसेवा, बँका, तलाठी, सगळीकडे पदवी लागते. तेव्हा आपल्या वस्तीतल्या कोणी "सर्टिफिकेट मिळाले, बास" असे म्हटले तर त्याला परत येण्याची तारीख कॅलेंडरवर लिहून द्या. प्रत्येक गावातल्या मंडळाने अशा मुलांची एक वही ठेवली तरी पुष्कळ काम होईल.

चौथे वर्ष करावे का? सरसकट नाही. स्पर्धा परीक्षा, बी.एड., तीन वर्षांचे विधी, समाजकार्य, ग्रंथालयशास्त्र, पत्रकारिता यांसाठी तीन वर्षांची पदवी पुरते. संशोधनाकडे जायचे असेल तर चौथे वर्ष उपयोगी आहे. चार वर्षांनंतरचे एम.ए. एका वर्षाचे आहे. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण असतील तर थेट पीएच.डी.ची पात्रता मिळते आणि अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना त्यात ५ टक्क्यांची सवलत आहे. संशोधनासह ऑनर्स मात्र मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेल्या विभागातच होते. लहान महाविद्यालयात तीन वर्षे केलेल्या विद्यार्थ्याने चौथ्या वर्षासाठी विद्यापीठाकडे किंवा मोठ्या महाविद्यालयाकडे बघावे.

पाली घ्यावी का?

हा प्रश्न आपल्याच समाजात विचारला जातो आणि त्याचे उत्तर भावनेने दिले जाते. म्हणून सरळ सांगतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी, प्राकृत, असमिया आणि बंगाली यांच्यासोबत पालीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. विद्यापीठात पाली आणि बौद्ध विद्येचा विभाग आहे. दुसरीकडे, केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत वैकल्पिक विषय म्हणून असलेली पाली २०१३मध्ये काढून टाकण्यात आली आणि ती अजून परत आलेली नाही. त्यामुळे केवळ यूपीएससीच्या गुणांसाठी पाली घ्या, हा जुना सल्ला आता लागू नाही.

तरीही इतिहास, मराठी किंवा तत्त्वज्ञान मेजर असणाऱ्याने पाली मायनर म्हणून घेण्यात मोठा अर्थ आहे. पितळखोऱ्याचे किंवा वेरुळ-अजिंठ्याचे काम करणाऱ्या अभ्यासकांमध्ये मूळ भाषा येणारी आपली माणसे किती आहेत? धम्मपद अनुवादातून वाचणारे लाखो, मुळातून वाचणारे मूठभर. शिक्षकांच्या जागा कमी आहेत हे खरे. पण विद्यार्थीच नाहीत म्हणून जागा नाहीत आणि जागा नाहीत म्हणून विद्यार्थी नाहीत, हे चक्र प्रवेशाच्या खिडकीवरच तोडावे लागेल.

कागद आणि पैसा

कला शाखेच्या पदवीला संलग्न महाविद्यालयांत सहसा सीईटी नसते, बारावीच्या गुणांवर प्रवेश होतो. केंद्रीय विद्यापीठांसाठी मात्र सीयूईटी द्यावी लागते. ती मराठीतूनही देता येते, हे आपल्या मुलांना बहुतेक वेळा ठाऊकच नसते. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे संकुल आहे. मराठवाड्यातच राहून देशपातळीच्या संस्थेत शिकण्याची ती संधी आहे. ज्याला घरचे काम सोडून शहरात राहणे शक्यच नाही त्याच्यासाठी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. ती पदवीही पदवीच आहे.

महाराष्ट्रात अनुसूचित जाती आणि बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जाती यांना मिळून १३ टक्के आरक्षण आहे. केंद्रात अनुसूचित जातींना १५ टक्के. केंद्राच्या यादीत बौद्धांचा समावेश व्हायला १९९० साल उजाडले, तोवर धर्मांतरितांची एक अख्खी पिढी केंद्रीय सवलतींबाहेर राहिली. म्हणून जात प्रमाणपत्राचा विषय आपल्याकडे नाजूक आहे. दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसते 'बौद्ध' असले तर अडते, कारण आरक्षण मूळ जातीच्या आधारावर आहे. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा लागतो. आजोबा-पणजोबांचा शाळेचा निर्गम उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, महसुली नोंद, जे मिळेल ते आधीच शोधून ठेवा. प्रमाणपत्र उपविभागीय अधिकाऱ्यांकडून, उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून. जून महिन्यात सेतूपुढची रांग बघितली की हे काम जानेवारीत का करावे ते वेगळे सांगावे लागत नाही.

भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असलेल्यांना मिळते. ती १९४४पासूनची, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असतानाची. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा. २०२१च्या सुधारित नियमांनुसार केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के वाटा देते, आणि केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यात येतो. त्यातली फीची रक्कम विद्यार्थ्याने ठरलेल्या मुदतीत महाविद्यालयाला द्यायची असते. इथे घोळ होतो. घरी अडचण असते, खात्यात पैसे दिसतात, ते बी-बियाण्याला किंवा दवाखान्याला जातात, आणि मग महाविद्यालय गुणपत्रक अडवते. मुलाला आणि त्याच्या आई-वडिलांना एकत्र बसवून पहिल्याच दिवशी समजावून सांगा की त्या पैशातला कोणता भाग घरचा आणि कोणता महाविद्यालयाचा. उत्पन्न अडीच लाखांच्या वर असेल तर शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क प्रतिपूर्तीची, म्हणजे फ्रीशिपची योजना आहे. दोन्हींना नियमित हजेरी लागते. 'नाव टाकून ठेवणाऱ्या'ची शिष्यवृत्ती अडकते ती इथे, आणि दोष मात्र पोर्टलला दिला जातो.

मुलींना फी माफ झाल्याची बातमी २०२४मध्ये गाजली. ती सवलत व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आणि ठरावीक प्रवर्गांसाठी आहे. बी.ए.ला जाणाऱ्या आपल्या मुलीने त्या भरवशावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचे टाळू नये.

राहण्याचा प्रश्न मात्र फीपेक्षा मोठा. पिशोरहून रोज एसटीने संभाजीनगरला ये-जा करून बी.ए. नीट होत नाही. दिवसाचे चार तास रस्त्यावर जातात. समाजकल्याण विभागाची शासकीय वसतिगृहे शहरात आहेत, पण अर्ज जास्त आणि जागा कमी. जागा न मिळालेल्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७पासून आहे. छत्रपती संभाजीनगरसारख्या विभागीय शहरासाठी या योजनेत वर्षाला ५१ हजार रुपये ठरवले गेले : भोजन २८ हजार, निवास १५ हजार आणि निर्वाह ८ हजार. अट अशी की विद्यार्थी त्या शहराचा रहिवासी नसावा, उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे आणि आधीच्या परीक्षेत किमान ५० टक्के गुण असावेत. वसतिगृहाचा अर्ज केला नाही तर स्वाधारचा रस्ताही अवघड होतो, म्हणून आधी वसतिगृहासाठी अर्ज कराच. पैसे बहुधा वर्ष उलटत आल्यावर येतात, तोवर खोलीभाडे घरूनच द्यावे लागते, हेही गृहीत धरा. शहरात नोकरीला असलेल्या गावकऱ्यांनी पहिल्या चार महिन्यांचे भाडे उसने देण्याची सोय केली, तर प्रवेश घेऊन दिवाळीला परत येणारी कितीतरी मुले टिकतील. विद्यापीठात 'कमवा व शिका' योजना आहे, तिचीही चौकशी करावी.

स्पर्धा परीक्षा आणि बी.ए.

"तीन वर्षे वर्गात घालवण्यापेक्षा पुण्यात क्लास लावतो," असे म्हणणाऱ्यांसाठी एक बदल सांगणे आवश्यक आहे. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५पासून वर्णनात्मक झाली आहे. पूर्वी चार पर्यायांतून एक गोल काळा करायचा होता. आता निबंध लिहायचा आहे, सामान्य अध्ययनाची उत्तरे लिहायची आहेत आणि वैकल्पिक विषयाच्या २५० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका आहेत. इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, मराठी साहित्य हे विषय जो तीन वर्षे प्रामाणिकपणे मेजर म्हणून शिकला आहे, पुस्तके वाचून स्वतःच्या शब्दांत लिहिण्याची ज्याला सवय आहे, त्याचे वजन या बदलाने वाढले. गाईड पाठ करून बी.ए. झालेल्याचे कमी झाले.

नागसेनवनातल्या संस्थांची आजची अवस्था सगळ्यांना दिसते आहे. व्यवस्थापनाचे वाद न्यायालयांत गेले, इमारती जुन्या झाल्या. त्यावर बोलणे गरजेचे आहे आणि या लेखाचा तो विषय नाही. मात्र प्रवेश घेताना कुठलेही महाविद्यालय, आपल्या माणसांचे असो की इतरांचे, एकाच मापाने तपासावे : मंजूर प्राचार्य आहे का, आपल्या विषयाला पूर्णवेळ शिक्षक किती, तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित, ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते, मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती जमा झाली का. हे प्रश्न कार्यालयात विचारले की कारकून जरा वर बघतो. बघू द्या.

आणि जाताना दाखला, गुणपत्रक, जात प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, आधार, बँक पासबुक यांच्या किमान तीन-तीन प्रती सोबत ठेवा. बँक खाते मुलाच्या स्वतःच्या नावाचे, आधारशी जोडलेले आणि चालू असावे. शाळेत असताना शून्य शिल्लकीवर उघडलेले आणि नंतर बंद पडलेले खाते महाडीबीटीच्या अर्जात दिले, तर मंजूर झालेली शिष्यवृत्तीही परत जाते. पिशोरच्या बँकेत जाऊन खाते चालू आहे का हे विचारायला दहा मिनिटे लागतात.